माल हवा, मालमोटार नको!

पुण्याच्या दक्षिणेस कात्रज-कोंढवा रस्त्यावर मालमोटारीखाली कोणी सापडले की दुसऱ्या दिवशी एकच मागणी पुढे येते: जड वाहनांना बंदी करा. शोकाच्या क्षणी ती स्वाभाविक आहे. प्रश्न मात्र तिने सुटत नाही. सातारा, सासवड व सोलापूर या तिन्ही दिशांना जोडणारा हा दुवा आहे. शिवाय कोंढवा, उंड्री, पिसोळी येथे उभ्या राहिलेल्या इमारतींची खडी आणि सिमेंट मालमोटारींनीच वाहून आणले. बंदी मागणाऱ्यांपैकी अनेकांची घरे त्याच मालाची आहेत, हे नमूद केल्याबद्दल त्यांनी राग मानू नये. गर्दीच्या वेळेपुरती बंदी घातली तर गाड्या वेशीवर खोळंबतात आणि बंदी उठताच एकदम सुटतात. गेलेला वेळ भरून काढण्याची घाई चालकाला असतेच.

विकास आराखड्यात हा रस्ता ८४ मीटर रुंदीचा होता. २०१८ साली काम सुरू झाले, भूसंपादन अडले, आणि पुढे ५० मीटरवर समाधान मानण्याचे ठरले. जमीनमालकांना रोख मोबदला हवा, महापालिकेला विकासहक्क देऊन भागवावयाचे. मधल्या काळात जमिनीचे भाव चढतात आणि तडजोड अधिकच दुरावते. अर्थशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण नामी ठरावे. परंतु समोर बसलेली काही मुले याच रस्त्याने दुचाकीवरून आलेली असतात, आणि मग ते सांगणे अवघड होते.

तथापि रुंदी म्हणजे सुरक्षितता नव्हे. रिकामा रुंद रस्ता वेगालाच निमंत्रण देतो. खरा धोका चौकात आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. डाव्या अंगाला अगदी लगत उभा असलेला दुचाकीस्वार त्याला दिसतच नाही. त्यातच लांब गाडी डावीकडे वळताना तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने न जाता आतून, कोपऱ्याला घासून जातात. तेथे जो उभा असेल तो चिरडला जातो. यात बेफिकिरीइतकाच भूमितीचाही दोष आहे, आणि भूमिती दंडाच्या पावतीने सुधारत नाही.

कोपऱ्यावर किंचित उंच दगडी पट्टा बांधला तर मालमोटारीची मागची चाके त्यावरून जाऊ शकतात. लहान गाड्या मात्र तो टाळून सावकाश वळतात. पादचाऱ्यांची थांबण्याची जागा या पट्ट्याच्या मागे असावी. दुचाकींची थांबारेषा मालमोटारींच्या बरीच पुढे, चालकाच्या नजरेसमोर आखावी. रस्ता ओलांडणाऱ्यास मध्यभागी उभे राहावयास कठड्याआडची जागा आणि माल उतरविण्यास कडेला स्वतंत्र खाचे हवेत. पुण्याभोवतीचा वर्तुळाकार रस्ता पूर्ण झाल्यावर केवळ शहर ओलांडणाऱ्या गाड्या कमी होतील. दुकानांना आणि बांधकामांना माल पुरविणाऱ्या गाड्या येथेच राहणार.

यांतील बहुतेक कामांना ८४ मीटर लागत नाहीत, ५० मीटरही लागत नाहीत. खडीमशीन चौकापासून आरंभ करावा आणि जी जागा आज महापालिकेच्या ताब्यात आहे, तीतच करावा. उरलेल्या जमिनीचा वाद त्यानंतरही चालू ठेवता येईल.