अहेरीच्या शाळेत कॅमेरा कोणाच्या हाती?

शाळेत संगणक, प्रोजेक्टर आणि टीव्ही संच पोहोचला की शिक्षण 'डिजिटल' झाले, असे मानण्याची सवय राज्याला जडली आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी राबविलेला क्यूआर कोडचा प्रयोग पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आला आणि २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर' पुरस्कार मिळाला. केंद्राचे 'दीक्षा' व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. मात्र पडद्यावर तयार चित्र पाहणे वेगळे आणि स्वतः चित्र टिपून त्यातून निष्कर्ष काढणे वेगळे. विज्ञान शिकण्यासाठी दुसरी गोष्ट अधिक मोलाची असते.

गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यात हा फरक विशेष जाणवतो. येथील अनेक मुलांची घरची भाषा माडिया, गोंडी किंवा तेलुगू आहे. पडद्यावरील निवेदन प्रमाण मराठीत असले, तर विज्ञानाआधी भाषेचाच अडसर उभा राहतो. उलट मुलाने स्वतः काढलेल्या पानाच्या छायाचित्राखाली माडिया आणि मराठी अशी दोन्ही नावे लिहिली, तर तेच चित्र दोन भाषांमधला दुवा ठरते. शिवाय कॅमेऱ्याला इंटरनेटही लागत नाही.

विषयांचीही वाण नाही. तालुक्यातील आलापल्लीच्या 'वनवैभवा'ला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. त्याहून निकडीचा विषय हिवतापाचा आहे. राज्यातील हिवतापग्रस्त जिल्ह्यांत गडचिरोलीचे नाव वर्षानुवर्षे अग्रक्रमाने येते. हिवताप पसरविणाऱ्या अॅनोफिलिस डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर राहते. क्युलेक्सची अळी श्वसननलिका पाण्यावर टेकवून तिरकी लटकते. डबक्यातील पाणी पारदर्शक भांड्यात घेऊन मोबाइलने बाजूने छायाचित्र काढले आणि ते मोठे करून पाहिले, तर चौथी-पाचवीतील मुलालाही हा भेद कळतो. गावातील कोणते डबके धोक्याचे, हे ते घरी सांगू शकते.

साधने महागडी नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगापुढे मांडलेला 'फोल्डस्कोप' हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक सुमारे १४० पट मोठी प्रतिमा दाखवितो आणि मोबाइलला जोडता येतो. २०१५ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने त्याच्या प्रसारासाठी करारही केला.

अर्थात छायाचित्र आकाराबाबत फसवे असू शकते. मोठी केलेली अळी मुलाला बोटाएवढी वाटेल. म्हणूनच प्रत्येक चित्रात शेजारी मोजपट्टी हवी, तारीख आणि जागेची नोंद हवी. ही शिस्त शिक्षकालाच लावावी लागेल. त्यामुळे उपकरणांच्या खरेदीइतकेच महत्त्व शिक्षक-प्रशिक्षणाला द्यावे लागेल.

शाळांची तपासणी करताना पडदे किती बसविले, याची मोजदाद होते. मुलांनी स्वतः काय पाहिले आणि काय मोजले, याची नोंद तपासण्याची वेळ आता आली आहे. अहेरीसारख्या तालुक्यात त्या नोंदीचा संबंध केवळ गुणांशी नाही, मुलांच्या आरोग्याशीही आहे.