सरकारी तिजोरीचा वकील

आरमोरीच्या बाजारपेठेत ‘सरकारी वकील’ हा शब्द निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फौजदारी खटल्यात आरोपीविरुद्ध युक्तिवाद करणारा वकील उभा राहतो. आपल्या व्यापारी कुटुंबांचा ज्या सरकारी वकिलाशी खरा संबंध येतो, तो मात्र वेगळा असतो. कराचा वाद, पुरवठ्याचे थकलेले बिल, संपादित जमिनीचा मोबदला किंवा ठेक्याची अनामत रक्कम न्यायालयात गेली, की समोरच्या बाजूला शासनाच्या वतीने तोच उभा असतो. त्याला आपण सरकारी तिजोरीचा वकील म्हणू. आपण त्याला सहसा प्रतिपक्ष समजतो. त्याचे काम नीट समजून घेतले, तर ही समजूत अर्धीच खरी आहे असे दिसून येईल.

या पदांची रचना राज्यघटनेतच आहे. अनुच्छेद ७६ नुसार केंद्राचा महान्यायवादी आणि अनुच्छेद १६५ नुसार राज्याचा महाधिवक्ता नेमला जातो. महाधिवक्ता उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असावा लागतो. विधिमंडळात त्याला बोलण्याचा अधिकार असतो, मतदानाचा नसतो. त्याच्या खालोखाल उच्च न्यायालयातील शासकीय अधिवक्ते येतात. आपल्या जिल्ह्याची प्रकरणे नागपूर खंडपीठापुढे चालतात. जिल्हा पातळीवर जिल्हा सरकारी वकील असतो, आणि मंत्रालयात विधि व न्याय विभागाचे अधिकारी निरनिराळ्या खात्यांना लेखी अभिप्राय देत असतात.

या सर्वांच्या शब्दाला पैशाचे वजन कसे येते, तेही पाहू. राज्याचा महसूल आणि राज्याने घेतलेली कर्जे एकत्रित निधीत जमा होतात व विधिमंडळाच्या संमतीवाचून त्यातून खर्च करता येत नाही. तथापि अनुच्छेद २०२ ने काही खर्च त्या निधीवर प्रभारित ठरवला आहे. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. न्यायालयाचा निर्णय, हुकूमनामा किंवा लवादाचा निवाडा यांची पूर्तता करण्यासाठी लागणारी रक्कम ही या वर्गात मोडते. म्हणजे शासन जो दावा हरते, त्याची रक्कम कोणत्याही आमदाराच्या मतावाचून तिजोरीतून जाते. तो दावा लढवावा, तडजोड करावी की मान्य करावा, हा सल्ला देणारा वकील एका अर्थाने तिजोरीच्या दारावरच बसलेला असतो.

आता प्रश्न असा, की या वकिलाचा पक्षकार नेमका कोण? त्याला नेमणारा मंत्री, फाईल पाठवणारा अधिकारी, की ज्यांच्या पैशाने ती तिजोरी भरते ती जनता? याचे उत्तर देणारे एक प्रकरण मुंबईतच घडले आहे.

आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी स्थापन झाले. पुढच्याच वर्षी, जून १९५७ मध्ये, महामंडळाने कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला त्या वेळी विचारलेही गेले नव्हते. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधी यांनी लोकसभेत हा विषय मांडला. ते स्वतः सत्ताधारी पक्षाचेच सदस्य होते. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला आणि १९५८ च्या आरंभी मुंबईत जाहीर चौकशी झाली. लोकांची एवढी गर्दी झाली, की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले.

या आयोगाला साहाय्य करण्यासाठी उभे होते देशाचे पहिले महान्यायवादी एम. सी. सेटलवाड. ज्या सरकारचे ते सर्वोच्च विधी अधिकारी होते, त्याच सरकारचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी आणि अर्थसचिव एच. एम. पटेल यांच्या साक्षी तेथे झाल्या. सेटलवाड मंत्र्यांना सांभाळून घेण्यासाठी उभे नव्हते. विमेदारांचा पैसा कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या विचाराने गुंतवला गेला, हे उघड व्हावे यासाठी उभे होते. काही आठवड्यांतच अहवाल आला. हा व्यवहार व्यापारी शहाणपणाला धरून नव्हता आणि सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. त्यानंतरही सेटलवाड १९६३ पर्यंत महान्यायवादी राहिले. तिजोरीच्या वकिलाचा पक्षकार खुर्चीतील व्यक्ती नव्हे, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

आपल्या परंपरेतील श्रावकाला हा विचार परका वाटू नये. अचौर्य अणुव्रताचा गाभा एवढाच, की जे दिलेले नाही ते घेऊ नये. त्या व्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे, खोटी वजनमापे ठेवणे आणि भेसळ करणे यांच्या बरोबरीने ‘विरुद्धराज्यातिक्रम’ही सांगितला आहे. राज्याचा न्याय्य नियम चुकवून केलेला व्यापार, करचुकवेगिरीसह, त्यात येतो असा अर्थ आपल्या प्रवचनांतून आपण ऐकत आलो आहोत. हे व्रत व्यापाऱ्याला बांधते. राज्याला बांधणारे काय आहे? त्याचे उत्तर अनुच्छेद २६५ देतो: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. जनतेने आपल्या प्रतिनिधींमार्फत कायदा करून जे दिले नाही, ते शासनाने घेतले तर ते शासनाचे अदत्तादानच होय. तेव्हा शासनाच्या हक्काची रक्कम सोडू नये, हे सांगणे जितके या वकिलाचे कर्तव्य आहे, तितकेच ‘हा पैसा आपला नाही, परत करा’ असे आपल्याच खात्याला लेखी कळवणे हेही आहे.

या तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. बेकायदा वसूल झालेला कर परत मागणाऱ्या व्यापाऱ्याने तो कर आधीच ग्राहकाकडून वसूल केला असेल तर? मफतलाल इंडस्ट्रीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने डिसेंबर १९९६ मध्ये याचा निर्णय दिला. कराचा बोजा ज्याने स्वतः सोसला, त्यालाच परताव्याचा हक्क. ज्याने तो ग्राहकावर टाकला, त्याला परतावा देणे म्हणजे एकच रक्कम दोनदा पदरात घालणे. आजच्या जीएसटी कायद्यातही हेच तत्त्व आहे. परताव्याचा अर्ज साधारणतः दोन वर्षांत करावा लागतो आणि बोजा पुढे ढकलला असेल तर ती रक्कम ग्राहक कल्याण निधीत जाते. परताव्याला विरोध करणारा सरकारी वकील अशा वेळी त्या अनाम ग्राहकाची बाजू मांडत असतो. आपल्या पेढीवरच्या वहीत ती रक्कम कोणाच्या नावे आहे, हे आपण प्रामाणिकपणे तपासले तर अनेक अर्ज आपणच करणार नाही.

आता विलंबाची किंमत पाहू. वडसा-गडचिरोली रेल्वेमार्गामुळे भूसंपादन हा विषय आपल्या भागाला नवा राहिलेला नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार ताबा घेतल्यानंतर मोबदला थकला तर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. न्यायालयाने वाढवून दिलेल्या रकमेलाही हेच दर लागतात. समजा, वाढीव मोबदला १० लाख रुपये ठरला आणि प्रकरण ताब्यापासून सहा वर्षे लांबले. पहिल्या वर्षाचे ९० हजार आणि पुढील पाच वर्षांचे साडेसात लाख, म्हणजे ८ लाख ४० हजार रुपये केवळ व्याज झाले. बँकेच्या कर्जखात्यांत व्याज चढताना आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला हे आकडे अस्वस्थ करतात. जे अपील टिकणार नाही हे वकिलाला ठाऊक आहे, ते ‘वरून आदेश आहे’ म्हणून दाखल करणे ही तिजोरीची सेवा नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार शासनाविरुद्ध दावा लावण्यापूर्वी सर्वसाधारणपणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. शासनाने त्या काळात विचार करावा आणि देणे खरे असेल तर ते चुकते करावे, हाच त्यामागचा हेतू आहे. त्या दोन महिन्यांत दिलेला निर्भय अभिप्राय पुढची कित्येक वर्षे वाचवतो.

शासनाला माल पुरवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शासनाचा करार राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांच्या नावाने आणि अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या सहीनेच झाला पाहिजे, असे अनुच्छेद २९९ सांगतो. घटनेपूर्वीच्या कायद्यातही असाच नियम होता. शेठ भिकराज जयपुरिया यांनी ईस्ट इंडियन रेल्वेला धान्य पुरवण्याचे काम घेतले होते. ऑर्डरींवर रेल्वेच्या विभागीय अधिकाऱ्याची सही होती, परंतु करार विहित स्वरूपात नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो करार अंमलात आणता येत नाही असे ठरवले. त्याच वर्षी बी. के. मंडल प्रकरणात मात्र न्यायालयाने दुसरी बाजूही सांभाळली: करार सदोष असला, तरी फुकटात करण्याचा हेतू नसलेल्या कामाचा लाभ शासनाने स्वीकारला असेल, तर करार कायद्याच्या कलम ७० नुसार त्याचा वाजवी मोबदला द्यावाच लागेल. तात्पर्य, साहेबांच्या तोंडी शब्दावर बारदाना, धान किंवा अन्य माल रवाना करण्यापूर्वी सही कोणाची आणि कोणत्या अधिकाराने आहे ते पाहावे. आणि सही चुकलीच असेल, तर मिळालेल्या मालाचे पैसे द्यावेत असे शासनाला सांगणारा वकील समोर असावा, अशी अपेक्षा बाळगण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आपल्या समाजात हिशेबाची बुद्धी वारशाने येते. मुले-मुली बी.कॉम. होतात, सी.ए. होतात, काही एल.एल.बी.ही करतात. पुढे करसल्लागार म्हणून शासनाच्या विरुद्ध बाजूला उभे राहणे हा जणू ठरलेला मार्ग झाला आहे. तो मार्ग सन्मानाचाच आहे. परंतु ताळेबंद वाचता येणारा, व्याजाचे गणित तोंडावर असलेला आणि खतावणीतील खोट चटकन ओळखणारा वकील शासनाच्या बाजूलाही हवा असतो. सरकारी वकिलीत खाजगी वकिलीइतका पैसा नाही, हे घराघरांतून ऐकू येणारे म्हणणे खोटे नाही. तथापि जी तिजोरी धान खरेदीचे चुकारे देते, शाळा चालवते आणि जंगलातील गावापर्यंत रस्ता नेते, तिच्या दारावर व्रत मानणारा माणूस बसावा, असे वाटत असेल तर आपल्यापैकी कोणीतरी तेथे बसायला तयार झाले पाहिजे. घरात विधी शाखेचा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी असेल, तर या पर्युषणात वर्षाच्या क्षमापनेबरोबर हा विषयही त्यांच्याशी अवश्य बोलावा.

जय जिनेन्द्र.