उतारावर नावेचा गाडा सोडवताना

मैत्रिणींनो, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी हे आकडे आपल्याला तोंडपाठ करून दिले! नदीकाठच्या घरी नावेचा गाडा ट्रॅक्टरमागून दाराशी आला, अन् दारात उतार असला, तर घाई नको. आधी दोन्ही चाकांना उताराच्या बाजूने मोठे दगड लावा. दांडीखाली भक्कम टेकू द्या. ट्रॅक्टर किंचित सैल सोडून गाडा दगडांवर बसू द्या, पुन्हा ब्रेक लावा, मगच पिन काढा. पिन निघत नसेल तर भार अजून तिच्यावरच आहे. हातोडी मारू नका. खालच्या बाजूला मुलं नकोत. आणि सुटलेला गाडा हातांनी अडवायला मुळीच जाऊ नका हं!