परदेशी गेलेल्याचा विमा



आजचा विषय पिकाचा नाही, पण घराचा आहे. जुना जालना असो की आडबाजूचे खेडे, घरचा मुलगा दुबई-सौदीला कामाला जातो आणि मागे बायको-मुले, म्हातारे आईबाप राहतात. तिकडे त्याचे बरेवाईट झाले, तर विमा बुडाला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. जीवन विमा माणसाच्या जिवाचा असतो, गावाचा नव्हे. हप्ते भरलेले असले, तर रक्कम मागता येते. अडते ते कागदांवर.

सर्वांत मोठा कागद मृत्यूच्या दाखल्याचा. आखातातला दाखला बहुधा अरबीत असतो. त्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे, तेथील भारतीय दूतावासात मृत्यूची नोंद करावी व दाखल्यावर दूतावासाचा शिक्का घ्यावा. मयत गावी आणण्याच्या घाईत हे राहून जाते आणि मग इथून हेलपाटे पडतात. सोबतच्या माणसाला हे आधीच सांगा. अपघात असेल, तर पोलिसांचा अहवालही मागवा.

मग मूळ बाँड, नॉमिनीचे आधार व बँक पासबुक घेऊन विमा शाखेत जा. क्लेमचा फॉर्म फुकट मिळतो; टक्केवारी मागणाऱ्याच्या नादी लागू नका आणि कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. पॉलिसीला तीन वर्षे झाली नसतील, तर चौकशी जास्त होते. दवाखान्याचे व मालकाकडचे कागद जपून ठेवा. दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

आणखी एक. दहावी न झालेला मुलगा सरकारी परवानगीने आखातात गेला असेल, तर त्याचा प्रवासी भारतीय विमा उतरवलेला असतो. अपघाती मृत्यूला त्यात 10 लाख रुपये मिळतात. ही रक्कम घरच्या पॉलिसीहून वेगळी. ते प्रमाणपत्र घरी ठेवून घ्या.

आता आजच करायचे काम. बाँड काढून नॉमिनीचे नाव वाचा. लग्नाआधीच्या पॉलिसीवर आईचे नाव असते, पुढे ते बदलायचे राहते. पैसे आईच्या हाती जातात आणि सासू-सुनेत कोर्टकचेरी सुरू होते. मुलगा सुट्टीवर आला की त्याच्याकडून हे एकदा ठरवून घ्या. बी पेरायच्या आधी तपासतो, तसा हा कागदही वेळेआधीच तपासावा.