शेंदुरसनीच्या २७ हजार जन्मनोंदी: जुना बॅकअप टाकला की प्रश्न मिटेल का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचं गाव आहे. लोकसंख्या साधारण दीड हजार. एवढ्या गावात वर्षाला फार तर वीस-पंचवीस बाळं जन्माला येणार. पण २०२५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत या ग्रामपंचायतीच्या नावावर जन्माच्या २७ हजारांहून जास्त नोंदी झाल्या. म्हणजे सुट्टीचे दिवस धरूनही रोज सरासरी तीनशे.

डिसेंबरमध्ये हे राज्यभर गाजलं. गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक नेमलं गेलं. या नोंदी केंद्राच्या नागरी नोंदणी प्रणालीत, म्हणजे सीआरएसमध्ये, ग्रामपंचायतीच्या आयडीवरून झाल्या होत्या. त्या कुणी आणि कशासाठी केल्या हे शोधणं पोलिसांचं काम. पण कम्प्युटरशी थोडीफार ओळख असलेल्या कुणालाही एक प्रश्न पडेल. ऑगस्टचा बॅकअप असेलच ना? तो रिस्टोअर करा, विषय संपला!

विषय का संपत नाही?

बॅकअप म्हणजे डेटाबेसचा एका ठरावीक क्षणी काढलेला फोटो. तो रिस्टोअर केला की डेटाबेस त्या क्षणाला परत जातो. त्यानंतर भरलेलं सगळं जातं, खोटंही आणि खरंही. सीआरएस ही काही शेंदुरसनीची खासगी वही नाही. महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या नोंदी तिच्यात आहेत. सगळी प्रणाली ऑगस्टवर नेली तर पुसद, वणी, दिग्रसमध्ये त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या नोंदीही पुसल्या जातील.

रिस्टोअर कधी कामाला येतं? दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ ला रॅन्समवेअरचा हल्ला झाला. सर्व्हरवरचा डेटा कुलूपबंद झाला आणि रुग्णांची नोंदणी कित्येक दिवस कागदावर करावी लागली. तिथे एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून वाचला होता. त्यावरून ई-हॉस्पिटलचा डेटा नव्या सर्व्हरवर आणता आला. डेटा हरवला होता, तो मिळाला. शेंदुरसनीत काही हरवलंच नाही, उलट जास्तीचं आत आलं. आणि बॅकअपला खरं-खोटं कळत नाही. सप्टेंबरनंतरच्या प्रत्येक बॅकअपमध्ये त्या नोंदी तितक्याच इमानदारीने जपल्या जाणार.

मग जुना बॅकअप निरुपयोगी का? नाही. तो वेगळ्या सर्व्हरवर उघडून आजच्या डेटाशी ताडून पाहता येतो. कोणती नोंद कधी आणि कोणत्या आयडीवरून आली, हे लॉगमधून काढता येतं. थोडक्यात, अशा प्रकरणात बॅकअप औषध म्हणून नाही, पुरावा म्हणून लागतो.

गंमत म्हणजे कायदाही हेच सांगतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १५ नुसार खोटी नोंद रद्द करायची झाली, तरी मूळ नोंदीला हात लावायचा नाही. समासात शेरा मारायचा आणि निबंधकाने सही-तारीख करायची. खोडरबर चालत नाही. डेटाबेस सांभाळणारी मंडळी आज जे ऑडिट ट्रेल म्हणतात, ते कागदी रजिस्टरच्या काळातच लिहून ठेवलेलं आहे.

हे महत्त्वाचं का, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. त्या तीन महिन्यांत शेंदुरसनीत खरोखर पाच-सहा मुलं जन्मली असतील, तर त्यांच्या आईबापांना या गठ्ठ्यातून आपली नोंद सहीसलामत बाहेर आलेली हवी आहे. सरसकट डिलीट त्यांना परवडणारं नाही.

तुमची वेबसाइट असेल तर

गावाचं न्यूज पोर्टल, पतसंस्थेची साइट, दुकानाचं पान, बहुतेक वर्डप्रेसवर असतं. त्यात फोटो आणि फाइली एकीकडे, आणि बातम्या, युजर, सेटिंग्ज डेटाबेसमध्ये दुसरीकडे. नुसतं फोल्डर कॉपी करून ‘बॅकअप घेतला’ म्हणणारे खूप भेटतात. त्यांच्याकडे रिकामं घर असतं, माणसं नसतात.

शेंदुरसनीचा प्रकार तीन महिने चालला. तुमच्या होस्टिंगवर फक्त मागचे सात दिवस ठेवले जात असतील आणि साइटवर महिनाभरापूर्वी कुणी स्पॅम पानं घुसवली असतील, तर सातही बॅकअप नासके. म्हणून महिन्याची एक प्रत वेगळी काढा आणि वर्षभर ठेवा, तीही होस्टिंगबाहेर.

साइट दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना मराठी माणसाला आणखी एक फटका बसतो. डेटाबेसचं अक्षर-कोडिंग जुळलं नाही तर देवनागरीची विचित्र रोमन चिन्हं होतात. तिथवर बऱ्याचदा सावरता येतं. पण अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं सेव्ह झाली, तर त्या प्रतीतला मजकूर गेलाच. त्यामुळे एक्सपोर्ट आणि इम्पोर्ट दोन्हीकडे ‘यूटीएफ८एमबी४’ ठेवा. नव्या जागी साइट उघडली की पहिलं पान बघून थांबू नका, दोन वर्षांपूर्वीची एखादी बातमी उघडून जोडाक्षरं नीट वाचता येतात का ते बघा. जुना सर्व्हर त्यानंतरच बंद करा.