'अँटिऑक्सिडंट' म्हणजे रसायन नव्हे

आमलकी, गुडूची, हरिद्रा यांच्या कल्पांच्या वेष्टनांवर 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द आता सर्रास आढळतो. रुग्णही तोच शब्द घेऊन चिकित्सालयात येतो. त्याचा अर्थ व मर्यादा वैद्यवर्गाने आणि औषधनिर्मात्यांनी नीट जाणून घ्याव्यात, असे आम्हांस वाटते.

पेशीत ऑक्सिजनच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण होत असताना काही अस्थिर कण उत्पन्न होतात. हेच मुक्त मूलक. शेजारच्या रेणूंतील इलेक्ट्रॉन हिरावून ते पेशीपटल, प्रथिने व डीएनए यांची हानी करतात. अँटिऑक्सिडंट द्रव्य स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन ही साखळी खंडित करते. शिवाय सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज यांसारखी विकरे शरीर स्वतःच निर्माण करते. डेनहॅम हारमन यांनी १९५६ साली वार्धक्याचा संबंध मुक्त मूलकांशी जोडला व या विषयास चालना मिळाली.

परंतु मुक्त मूलक सर्वथा त्याज्य नव्हेत. श्वेतपेशी त्यांच्याच साहाय्याने जंतूंचा नाश करतात. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला तर नाहीच, उलट १८ टक्क्यांनी अधिक आढळला. परीक्षानळीतील क्षमता शरीरातील परिणाम सिद्ध करीत नाही, म्हणून अमेरिकी कृषी खात्यानेही खाद्यपदार्थांच्या अशा क्षमतेची कोष्टके २०१२ साली मागे घेतली.

'ते कृत्रिम द्रव्य होते, आमचे नैसर्गिक आहे' ही पळवाट शास्त्रास शोभणारी नाही. आमच्या कल्पांचीही परीक्षा मनुष्यावरच व्हावयास हवी. तसेच चरकाचार्यांचे रसायन म्हणजे एखादा रेणू नव्हे. संशोधनाने शुद्ध झालेल्या देहास ते द्यावयाचे असते, आणि सत्य, अक्रोध, संयम यांनाही तेथे आचाररसायन म्हणून स्थान आहे. एवढा व्यापक विचार एका उसन्या शब्दात कोंबणे म्हणजे त्याचे अवमूल्यनच होय.

म्हणून आमची विनंती अशी की, औषधनिर्मात्यांनी मानवी चाचणीचा आधार नसल्यास हा शब्द वेष्टनावर छापू नये. वैद्यांनी धूम्रपानी रुग्णास 'अँटिऑक्सिडंट'चा दिलासा न देता धूम्रपान सोडविण्यावर भर द्यावा. आणि केमोथेरपी वा किरणोपचार चालू असलेल्या रुग्णास असा कल्प देण्यापूर्वी त्याच्या कर्करोगतज्ज्ञाशी विचारविनिमय अवश्य करावा. ग्राहक शब्दाने एकदाच आकृष्ट होतो. त्याचा विश्वास मात्र गुणानेच टिकतो.