व्यंगचित्रकाराचे निर्व्यंग चित्र

स्थळ सांगायला येणारा मध्यस्थ सहसा खोटे बोलत नाही. मुलगा पदवीधर आहे, निर्व्यसनी आहे, मुंबईत स्वतःची जागा आहे. सारे खरेच असते. काही गोष्टी सांगायच्या तेवढ्या तो विसरतो, आणि नेमक्या त्याच पुढे संसारात रोज सकाळी चहाबरोबर समोर येतात. म्हणून शहाणा वधूपिता मध्यस्थाचे सारे ऐकून घेतो, त्याला पोहे खाऊ घालतो, आणि मग मुलाच्या चाळीत जाऊन दोन घरे सोडून तिसऱ्या घरी चौकशी करतो. चित्रपटाचे परीक्षण लिहिणाराही, माझ्या मते, असाच चौकशी करणारा असावा. त्यातून चित्रपट एखाद्या पुढाऱ्याच्या चरित्रावर असेल, आणि पुढारीही असा, की ज्याच्या नावाने घराघरांत अजून दोन तट पडतात, तर असावाच असावा.

यंदा वर्गात चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना ‘ठाकरे’ या चित्रपटाची परीक्षणे मी पुन्हा काढून वाचली. चित्रपट २५ जानेवारी २०१९ रोजी मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक अभिजित पानसे. कथा संजय राऊत यांची, म्हणजे त्याच पक्षाच्या खासदारांची आणि पक्षाच्या मुखपत्राच्या कार्यकारी संपादकांची. लोकसभेच्या निवडणुका तीन महिन्यांवर आल्या होत्या. बहुतेक परीक्षणांचा सूर एकच होता: नवाजुद्दीन सिद्दीकी यांचा अभिनय उत्तम, चित्र मात्र आरती. एवढे लिहून मंडळी थांबली. आरतीतले कोणते कडवे गाळले, हे सांगण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडले नाही.

आपण प्रेक्षक तरी काय करत होतो? मराठी झलक आली तेव्हा नायकाला सचिन खेडेकरांचा आवाज होता. ‘हा साहेबांचा आवाज नव्हे’ म्हणून एवढा गिल्ला झाला, की चित्रपटात चेतन सशितल यांचा आवाज घेतला गेला. आवाज जुळला पाहिजे, हा आग्रह रास्तच आहे. पण इतिहास जुळतो की नाही, यासाठी त्याच्या चौथाईनेही आपण भांडलो नाही.

‘ठाकरे’ एकतर्फी आहे, ही माझी मुख्य तक्रार नाही. आचार्य अत्र्यांचा १९५४ सालचा ‘महात्मा फुले’ काय तटस्थ होता? तो भक्तीनेच काढलेला होता, आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. पण फुल्यांना जाऊन तेव्हा चौसष्ट वर्षे झाली होती. त्यांच्या नावाने त्या वर्षी कोणी मते मागणार नव्हते. बाळासाहेब गेले १७ नोव्हेंबर २०१२ रोजी. त्यांच्या आठवणी अजून उबदार आहेत, आणि जखमाही.

या दोन्हींचे दर्शन मला घराजवळच घडते. आमच्या मावळातून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईला डबे पोचवायला गेली. परंदवडीतले आमचे शेजारी तात्या त्यांतलेच एक. चित्रपट पाहून आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, “बाई, मी पोरसवदा असताना हापिसात डबे घेऊन जायचो. मराठी माणूस दिसायचा तो दारातला शिपाई. आमच्यासाठी बोलणारा हा पहिला माणूस. हे खोटं आहे का?” खोटे कसे म्हणू? १९ जून १९६६ रोजी शिवसेना निघाली ती याच दुखण्यावर बोट ठेवून.

तळेगावात राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक तमिळ गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. ज्ञानेश्वरी माझ्यापेक्षा अधिक वाचतात. त्यांच्या वडिलांचे माटुंग्याला छोटे हॉटेल होते. चित्रपटाच्या झलकेतच दाक्षिणात्यांना लुंगीवरून हिणवणारी एक घोषणा आली, त्यावर तमिळ अभिनेता सिद्धार्थ याने जाहीर आक्षेप घेतला होता. आमचे हे गृहस्थ चित्रपटाला गेलेच नाहीत. मला एवढेच म्हणाले, “त्या चित्रात मी आहे, मॅडम. पण मला नाव नाही, घर नाही. नुसती लुंगी आहे.”

तात्या आणि हे गृहस्थ, दोघेही खरेच बोलतात. चरित्रपट मोठा की छोटा, हे ठरते ते या दोन खऱ्यांना एका पडद्यावर बसवता येते का, यावरून. व्यासांनी दुर्योधनाच्या तोंडीही चांगली वाक्ये घातली. त्याने पांडवांचे काही कमी झाले नाही, महाभारताचे मात्र वजन वाढले. परीक्षकाने आधी हेच पाहावे, की नायकाच्या विरोधकाला एक तरी धड वाक्य मिळाले आहे का?

आणि मग तिसऱ्या घरची चौकशी. ५ जून १९७० रोजी कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्या खटल्यात शिवसैनिकांना शिक्षा झाल्या. पोटनिवडणुकीला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि पडल्या. निवडून आले वामनराव महाडिक, शिवसेनेचे पहिले आमदार. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या, सुमारे नऊशे माणसे मेली. त्यावर नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली बाहेर आला. परीक्षकाने ही पाने चित्रपटाशेजारी उघडून ठेवावीत, आणि त्यांच्याच शेजारी तात्यांचे भरलेले डोळेही ठेवावेत. मग प्रेक्षकाला ठरवू द्यावे.

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. माझ्या वर्गातल्या मुलांनी बाळासाहेबांना पाहिलेले नाही. त्यांच्यासाठी हा चित्रपट हेच पहिले पुस्तक, आणि पुष्कळांच्या बाबतीत शेवटचेही. शिवाय अशी चित्रे नुसती करमणूक करून घरी जात नाहीत. आनंद दिघे यांच्यावरचा ‘धर्मवीर’ १३ मे २०२२ रोजी लागला. पुढच्याच महिन्यात पक्ष फुटला, आणि खरा वारस कोण या भांडणात दिघ्यांच्या नावाची साक्ष निघू लागली. २०२४ साली ‘धर्मवीर २’ आला तो विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर.

मला खंत वाटते ती निराळ्याच कारणासाठी. बाळासाहेब मुळात व्यंगचित्रकार. ‘फ्री प्रेस जर्नल’ सोडून त्यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी भाऊ श्रीकांत यांच्यासह ‘मार्मिक’ काढला. व्यंगचित्रकार नाक आहे त्याहून लांब काढतो, कारण माणूस त्या लांब नाकातच सापडतो, हे त्याला ठाऊक असते. ज्याने जन्मभर इतरांची नाके लांबवली, त्याचे चित्र काढायला बसले आणि पिढीजात भक्ताने भिंतीवर लावावे तसे कॅलेंडर काढून ठेवले! कुंचल्याच्या त्या धन्यावर एवढा अन्याय त्याच्या शत्रूंनीही केला नसता.

परीक्षणे वाचून झाल्यावर मुलांना मी एक काम दिले: चित्रपटात नसलेला एखादा विरोधक आणा आणि त्याच्या तोंडी एक वाक्य लिहा. एका मुलीने माटुंग्याचा हॉटेलवाला आणला. तो नेत्यासमोर उभा राहून म्हणतो, “साहेब, तुमच्या सभेहून परतणारी पोरं माझ्याकडेच चहा प्यायची. उद्या दुकान उघडू की नको, एवढंच सांगा.”

कागद मी तात्यांना वाचून दाखवला. त्यांना राग येईल असे वाटले होते. ते बराच वेळ दाराबाहेर पाहत बसले. मग म्हणाले, “बाई, याला उत्तर दिल्यावाचून साहेब राहिले नसते. ते उत्तर ऐकायला मी दुसऱ्यांदा तिकीट काढलं असतं.”